गावात कोण आहे?

आषाढ सरत आला, पेरण्या आटोपल्या की आमच्या नाट्यसंस्थेची बैठक बसते. बैठकीला ठरलेली जागा नाही. पूर्वी एका शाळेचा वर्ग मिळायचा, नंतर मंगल कार्यालयाची वरची खोली. यंदा आम्ही माझ्या मालकाच्या आडत दुकानामागच्या गोदामात बसलो, तुरीच्या पोत्यांवर. हमाल घरी गेले होते, काट्यावर ताडपत्री टाकलेली होती, आणि चहा आणायला गेलेला पोरगा नेहमीप्रमाणे दोन कप कमी घेऊन आला. बैठकीचा पहिला प्रश्न दर वर्षी एकच. नाटक कोणतं करायचं, ते पुढचं. आधी गुरुजी चष्मा पुसत विचारतात, "गावात कोण आहे?"

लातुरात हौशी नाटक करणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पुण्याला कोण गेलं, बदली कुणाची झाली, कुणाचे गुडघे गेले, कुणाच्या सुनेचं बाळंतपण दिवाळीत आहे, हे सगळं आधी मांडावं लागतं. मी पेशानं मुनीम. रोजमेळ लिहायची सवय हाडात मुरलेली. संस्थेच्या वहीच्या शेवटच्या पानांवर 1991 पासून मी दोन रकाने ठेवतो: डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. गेलेले म्हणजे पुण्याला गेलेले. खरोखरच गेलेल्यांसाठी वेगळं पान आहे. ते मी सहसा उलटत नाही.

संहिता निवडायची ती या रकान्यांवरून. चार पुरुष आणि एक बाई असलेलं नाटक मिळालं तर त्याचे गुण नंतर शोधता येतात. सात बायका असलेलं कितीही थोर नाटक असो, ते आमच्यासाठी नुसतं वाचायचं पुस्तक. पात्रसंख्येच्या या प्रश्नाला आमच्या मराठवाड्यातल्याच एका माणसानं कायमचं उत्तर शोधलं होतं, असं गुरुजी दर वर्षी सांगतात. प्रा. लक्ष्मण देशपांडे, 'वऱ्हाड निघालंय लंडनला', पात्रं 52, नट एक. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं ही युक्ती काढली यात मला नवल वाटत नाही. त्यांनाही कुणीतरी विचारलंच असेल, गावात कोण आहे.

यंदा मात्र बैठकीत एक नवीन शब्द आला. आमची नवी दिग्दर्शिका सत्तावीस वर्षांची आहे. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून पदवी घेतली, तीन वर्षं मुंबईत मालिकांच्या सेटवर साहाय्यक म्हणून उभी राहिली, आणि गेल्या वर्षी वडिलांच्या दुखण्यामुळं दवाखाना मागं लागला म्हणून परत आली. माझ्या वहीत तिचं नाव आधी उजव्या रकान्यात होतं. ते खोडून डावीकडे घेतलं. चौतीस वर्षांत असं मी चौथ्यांदा केलं. ती म्हणाली, "काका, आपण एक नाटक नको करायला. पूर्ण सीझन जाहीर करू."

गुरुजी म्हणाले, "सीझन म्हणजे हंगामच ना? मग हंगाम म्हण की. आमाला कळतंय."

आणि मग गोदामातल्या गोदामात हंगाम ठरला. खरीप, रब्बी, उन्हाळी, अशी नावंच पडली. खरिपाला, म्हणजे गणपतीत, भारुडांवर उभा केलेला तासाभराचा प्रयोग. पैठणच्या नाथांनी विंचू चाववला त्याला सव्वाचारशे वर्षं उलटून गेली, पण अजून कुठल्याही चौकात तो चावतो. त्याला नेपथ्य लागत नाही, तिकीट लागत नाही, आणि प्रेक्षकाला अर्धा पाठ असतो. रब्बीला राज्य नाट्य स्पर्धेचं दोन अंकी. उन्हाळीला मे महिन्यात पोरांचं शिबिर आणि शेवटी बालनाट्य. कागदावर लिहिल्यावर फार सोपं दिसत होतं. पिकांचंही पेरताना तसंच असतं. पण हे मी बोललो नाही, कारण मालक ऐकत होते आणि सोयाबीनच्या भावाचा विषय निघाला असता तर बैठक तिथंच संपली असती.

स्पर्धेबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा नसती तर आम्ही कुणीच नसतो, हे पहिल्यांदा कबूल करतो. सांस्कृतिक कार्य संचालनालयाचं ते परिपत्रक येतं म्हणून तर तालमी सुरू होतात. संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र काढा, लेखकाचं संमतीपत्र जोडा, या धावपळीनं संस्थेला संस्थेसारखी शिस्त लागते. पण स्पर्धेनं आम्हाला एक खोडही लावली. तीन महिने तालीम करायची, एक प्रयोग करायचा, निकालाच्या रात्री परीक्षकांना नावं ठेवायची आणि नाटक गोदामात टाकायचं. आमच्या गोदामात असे दोन दरवाजे आहेत, कुठंच न उघडणारे. एक 2004 च्या वाड्याचा, एक त्यानंतरच्या कुठल्याशा फ्लॅटचा. हमालांची पोरं त्यांच्याशी लपंडाव खेळतात. त्या दोन दारांचे जितके प्रयोग पोरांनी केले तितके आम्ही केले नाहीत.

म्हणून यंदा ठरलं की स्पर्धेचं नाटक स्पर्धेआधी चार ठिकाणी करायचं. औशाला, रेणापूरला, जमलं तर उदगीरला, आणि एक प्रयोग कुठल्या तरी खेड्यात देवळासमोर. यावर वाद झाला. परीक्षकांच्या आधी लोकांनी बघितलं तर नाटक 'फुटतं', असं आमचे प्रकाशयोजनाकार म्हणाले. दिग्दर्शिकेनं त्यांना जालना जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या शेती करणाऱ्या कलाकारांची आठवण दिली. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' घेऊन ती माणसं थेट पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत उभी राहिली होती. "त्यांचं कुठं फुटलं?" प्रकाशवाले गप्प झाले. पटलं म्हणून झाले, की चहा आला म्हणून, ते त्यांनाच ठाऊक.

चमूबद्दल लिहायला हवं. जाहीर करताना फलकावर 'तंत्रज्ञ' असं लिहून चार नावं येतात आणि त्यातून काहीच कळत नाही.

प्रकाशयोजना बघणारे आमचे दादा गंजगोलाईजवळ इलेक्ट्रिकचं दुकान चालवतात. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यातल्या कमीत कमी बारा रस्त्यांवरच्या लग्नांत त्यांनी माळा लावल्या आहेत. हॅलोजन, पार, डिमर या सगळ्याचा ते आधी मांडवातल्या भाषेत विचार करतात. "नवरी स्टेजवर येतानाचा उजेड पाहिजे का निघतानाचा?" हा प्रश्न त्यांनी एका आत्महत्येच्या प्रसंगाला विचारला होता. दिग्दर्शक आधी चिडला, मग थांबला, आणि म्हणाला, "निघतानाचा." त्या प्रसंगाला प्रेक्षागृहात हुंदके ऐकू आले होते.

संगीताला यंदा एक गोंधळी पोरगा आहे. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तुळजाभवानीचा गोंधळ. हा दिवसा मोबाइलच्या दुकानात काच बदलतो, रात्री संबळ वाजवतो. संबळाची ती वाकड्या टोकाची काठी त्याच्या हातात आली की आमचा सगळा रेकॉर्ड केलेला 'इफेक्ट' भिकार वाटायला लागतो. त्याची अट एकच: नवरात्रात तालमीला बोलवायचं नाही. मान्य. नवरात्रात त्याला बोलवेल अशी छाती कुणाची आहे?

नेपथ्य एका चित्रकला शिक्षकाकडे, वेशभूषा आमच्या काकूंकडे. काकू ब्लाउज शिवतात, आणि नटाचं माप एकदा बघून लक्षात ठेवतात. चार वर्षांनी तो पुन्हा आला तर "पोट सुटलं की रे" हे त्यांचं स्वागत. लेखक म्हणजे गुरुजीच. नट म्हणाल तर अकरा नावं डाव्या रकान्यात आहेत, त्यातली तीन 'बघू' या सदरातली.

बारावीच्या वयाचं एकही पोर नाही. हे बाहेरच्यांना विचित्र वाटेल, कारण या शहरात त्या वयाची पोरं रस्त्यावर मावत नाहीत. लातूर पॅटर्नचं हे असं आहे. गावोगावची पोरं इथं शिकायला येतात, उद्योग भवनाच्या बाजूला संध्याकाळी क्लास सुटले की पायी चालणं मुश्कील. पण ती 'नीट'साठी, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी आलेली असतात, आणि नीटच्या पोराला नाटकात ये म्हणणं म्हणजे आईबापाच्या घामावर पाणी ओतणं. त्यांच्या वह्यांना, डब्यांना, झोपेला जागा लागते. आमच्या तालमीच्या दोन खोल्या अशाच अभ्यासिका झाल्या. दुसरी गेली तेव्हा मालकानं हात जोडून सांगितलं, "तुमचं ओरडणं आन् त्यांची शांतता एका भितीत कशी बसवू?" त्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. महिन्याला भाडं देणारी शांतता आहे ती.

तारखांचं गणित तर विचारू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची आवक. मी पहाटेपासून मालाच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहितो, रात्री तालमीला जातो तेव्हा डोळ्यांसमोर क्विंटल नाचतात. डिसेंबरच्या शेवटी-शेवटी येळवस. वेळ अमावास्येला लातूर शहर ओस पडतं, सगळं माणूस शिवारात. कडब्याची कोप, पाच पांडव, भज्जी, उंडे आणि आंबील. एका वर्षी आमचा प्रयोग नेमका येळवशीच्या दुसऱ्या दिवशी आला. आमच्या नायकानं शेतात एवढी आंबील प्यायली होती की दुसऱ्या अंकात त्याला मरून पडायचं होतं तिथं तो खराखुरा झोपला. पडदा पडला, उठेना. परीक्षकांनी अभिनयाचं प्रमाणपत्र दिलं.

आणि एक वर्ष असं की हंगामच झाला नाही. 1993. मी संस्थेत नवा होतो. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट, 30 सप्टेंबर, चार वाजायच्या आत किल्लारी आणि आजूबाजूची गावं गेली. तालमीच्या खोलीत मदतीची पोती आणि चादरी भरल्या. नेपथ्याचं कापड कुणी नेलं, कशाला नेलं, ते विचारायची वेळ नव्हती. वेगळं पान मी म्हणालो ना, ते तेव्हा सुरू झालं.

तर यंदाचं दोन अंकी. गुरुजींनी 2016 च्या पाण्यावर लिहिलं आहे. मला आधी वाटलं, आता कशाला. नळ येतायत, माणसं विसरली. पण वाचनाला बसलो आणि मान खाली गेली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं तो उन्हाळा. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी, टँकर भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली, कलम 144. पाच माणसं एकत्र जमायची नाहीत, तीही पाण्यासाठी. मग 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. माणसं ते बघायला स्टेशनाकडे गेली. गुरुजींचं सगळं नाटक एका टाकीसमोरच्या रांगेत घडतं. रेल्वे येत नाही, नुसती येणार येणार म्हणतात.

संहिता बारा पात्रांची. आमच्याकडे अकरा, त्यात तीन 'बघू'. मी वही उघडून सांगितलं, जमत नाही. गुरुजींचा चेहरा पडला. तेवढ्यात दिग्दर्शिका हसायला लागली. "काका, जमावबंदी आहे ना नाटकात? मग स्टेजवर एका वेळी चारच माणसं. पाचवा आला की गुन्हा. चार चार जण आलटून पालटून आले की आठ नटांत बारा पात्रं होतात. माणसं नाहीत म्हणूनच हे जमतंय."

गोदामात क्षणभर कुणी बोललं नाही. चौतीस वर्षं ज्या कमतरतेचा मी हिशोब ठेवला ती या पोरीनं उचलून थेट नाटकात बसवली. ही पोरगी 2016 साली बारावीत होती. पाणी नाही म्हणून होस्टेल रिकामं झालं आणि ती एकटी खोलीत राहून अभ्यास करत होती, हे तिनं नंतर सांगितलं, घरी जाताना, गाडीला किक मारता मारता. त्या विषयावर आणखी काही बोलली नाही.

मग भूमिका वाटल्या. मी डोकं वहीत घालून बसलो होतो. मी पंधरा वर्षं प्रॉम्प्टर आहे. त्याआधी नट होतो, बरा होतो, पण हिशोबाला बसलेला माणूस हळूहळू विंगेत सरकतो आणि तिथंच मुरतो. विंगेतल्या अंधारात टॉर्चवर कागद धरून मी दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजली आहेत. पंधरा वर्षांतली सगळी नाटकं मला पाठ आहेत, सगळ्यांची पात्रं, बायकांची सुद्धा. तेव्हा माझ्या नावापुढे काय येणार ते मला माहीत होतं.

ती म्हणाली, "प्रॉम्प्टर यंदा नको. पाठांतर चोख करू. मुनीमकाका पाचवे."

"पाचवा म्हणजे?"

"चौघं रांगेत आहेत. पहिल्या अंकाच्या शेवटी तुम्ही येऊन त्यांच्या मागं उभे राहता. बस्स. तुम्ही आलात की पाच होतात."

"वाक्यं?"

"एकही नाही."

सगळे हसले. मीही हसलो. गुरुजी म्हणाले, "मुनीम, आता काय करूलालाव? कुणाला सांगूलालाव?" हसण्यावारी गेलं, पण रात्री झोप लागेना. दुसऱ्याच्या वाक्यांवर जगलेल्या माणसाला गप्प उभं राहायचं काम. पहिल्या तालमीला उभा राहिलो आणि माझे ओठ हलत होते. पुढच्या चौघांची वाक्यं मीच म्हणत होतो. तिनं तालीम थांबवली. जवळ आली, हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला त्यांचं काही ऐकू येत नाही. तुम्हाला फक्त टाकी दिसते." परत उभा राहिलो. ओठ थांबले तर हात काय करायचे कळेना. हातात काकूंनी आणलेली पिवळी प्लास्टिकची घागर होती. ती कधी कमरेवर, कधी पोटाशी, कधी पिशवीसारखी लोंबती. तिनं तिसऱ्यांदा थांबवलं, पण काही बोलली नाही. दादा लांबून म्हणाले, "उजेड कमी करतो, चालतंय."

मला ते लागलं. घागर घरी घेऊन आलो.

खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात मी एकदाही रांगेत उभा राहिलो नव्हतो. दुकान होतं, पट्ट्या होत्या, मालकाकडे बोअर होता. रांगेत बायको होती आणि शाळेतून आली की लेक. लेक आता पुण्यात आहे, उजव्या रकान्यात. आमच्या घागरीवर बायकोनं नेलपॉलिशनं आडनाव लिहिलं होतं, कारण रांगेत माणसाऐवजी भांडी उभी असायची आणि भांडी बदलायची. हे मला तेव्हा माहीत होतं. पण माहीत असणं म्हणजे किती, ते त्या दिवशी तालमीत कळलं.

रात्री जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात उभं राहून मी सराव करत होतो. ओट्याला टाकी मानलं. बायको भांडी आवरत होती. थोडा वेळ बघत राहिली.

"काय चाललंय?"

सांगितलं.

"रिकामी घागर अशी धरत्यात का कुठं?" म्हणाली. "भरल्यावानी धरलाव तुमी. आता पाणी मिळालंय, घरला चाललाव असं दिसूलालंय."

हात पदराला पुसून तिनं घागर माझ्या हातातून घेतली. दोन बोटं काठाच्या आत घातली आणि घागर पायापाशी सोडली, टेकवली नाही, जमिनीपासून वीतभर वर. दुसरा हात मोकळा. "टेकवली की कुणीतरी पायानं ढकलतंय," ती म्हणाली. मान जराशी पुढं काढली आणि ओट्याकडे नाही, ओट्याच्या बाजूला, खिडकीकडे बघायला लागली.

"टाकीकडं बघ ना," मी म्हणालो.

"टाकीकडं कोण बघतंय? टँकर तिकडून येतंय."

आणि मग ती तशीच उभी राहिली. मी वाट बघितली, आता हसेल, घागर देईल. नळ टपकत होता. तिनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, घागर या हातातून त्या हातात केली, नजर तिथंच. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, पावणेदहा झाले होते. मग हळूच तिच्या मागं जाऊन उभा राहिलो.